ऐकू येईल इतकाच वेग

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही उक्ती मराठवाड्यातील प्रत्येक व्यापाऱ्याच्या कानावरून कधी ना कधी गेलेली असते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही तिचीच जरा थाटात मिरवणारी बहीण. पहिलीत नशिबाची थट्टा आहे, दुसरीत बढाई आहे. पण दोन्हींत परभणी हे यमक जुळवण्यापुरते आलेले नाव आहे. त्या नावामागे नऊ तालुक्यांचा, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा, काळ्या कसदार जमिनीचा आणि दोन बाजूंनी डोंगरांनी धरलेला एक मुलूख आहे, याची कल्पना त्या उक्तींतून येत नाही. रेल्वेच्या खिडकीतून वा मोटारीच्या काचेतून पाहणाऱ्यालाही ती फारशी येत नाही. कापूस, सोयाबीन, तूर, मध्येच एखादी बाभूळ, पुन्हा कापूस. ‘या जिल्ह्यात पाहण्यासारखे काही नाही’ असा शेरा मारून तो पुढे निघून जातो. हा शेरा खोडून काढणारे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक वाहन म्हणजे सायकल.

व्यापारी कुटुंबांना सायकल नवी नाही. ज्या पिढीने खेड्यातील दुकाने नावारूपाला आणली तिच्या उमेदीची वर्षे सायकलीवरच गेली. कॅरिअरला कापडाचा गठ्ठा बांधायचा, दांडीला मापांची पिशवी अडकवायची आणि आज या गावचा, उद्या त्या गावचा आठवडी बाजार गाठायचा, हा त्या पिढीचा आठवड्याचा हिशेब होता. सुगीनंतरची वसुलीही सायकलीवरूनच होई. १९२८ साली सिंडिकेट बँकेने घरोघर जाऊन रोजची किरकोळ बचत गोळा करणारी ‘पिग्मी’ ठेव सुरू केली. पुढे ती पद्धत देशभरातील बँकांनी आणि पतसंस्थांनी उचलली, तेव्हा तिचे प्रतिनिधीही बहुतेक ठिकाणी सायकलीवरच फिरत. मोठी पत उभी राहण्यापूर्वी लहान लहान विश्वास गोळा करावे लागतात, आणि ते गोळा करायला प्रत्येक दाराशी थांबावे लागते. सायकलीला थांबणे महाग पडत नाही.

नंतर स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल माळ्यावर गेली. अलीकडे ती परतली आहे. पण व्यायामाचे साधन म्हणून, गिअर आणि शिरस्त्राणासह. पहाटे शहराबाहेर दहा किलोमीटर जायचे, तितकेच परत यायचे आणि घरी आल्यावर हातावरच्या घड्याळात अंतर व नाडीचे ठोके पाहायचे. यात वाईट काहीच नाही. प्रकृतीसाठी ते चांगलेच आहे. परंतु व्यायामासाठी चालवलेली सायकल आणि मुलूख पाहण्यासाठी चालवलेली सायकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत रस्ता हे केवळ अंतर असते. दुसरीत रस्ता हाच विषय असतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे काही पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांपैकी तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांच्या धाडसाचे कौतुक आजही होते. पण जग पाहायला निघण्यापूर्वी स्वतःचा जिल्हा पाहण्यास कोणत्याही पारपत्राची गरज नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

दोन नेमिनाथांमधली वाट

परभणी जिल्ह्यात जैन समाजाची दोन प्राचीन क्षेत्रे आहेत आणि दोन्ही भगवान नेमिनाथांची आहेत. पूर्वेला पूर्णेच्या परिसरात नवागड आणि उत्तरेला जिंतूरजवळ नेमगिरी. मोटारीने दोन्ही दर्शने एका दुपारी उरकता येतात. सायकलीने त्याला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवसच या प्रवासाची खरी कमाई ठरतात.

पहिला दिवस नवागडचा. परभणीहून पूर्वेकडे निघालेली वाट रेल्वेच्या सोबतीने पिंगळी आणि मिरखेलच्या दिशेने जाते. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, निजामाच्या राजवटीत सुरू झाला. त्याने या मुलखाचा व्यापार नव्याने मांडला. कापूस बैलगाडीतून उतरून रेल्वेच्या डब्यात चढला आणि सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही नावे मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचली. ‘मानवत रोड’ या स्थानकाच्या नावातील ‘रोड’ या शब्दाचा अर्थ मोटारीत बसून कळत नाही. स्थानकापासून गावापर्यंतचे काही किलोमीटर स्वतःच्या पायांनी कापले, म्हणजे त्या काळच्या अडत्याला, हमालाला आणि गाडीवानाला ते अंतर काय वाटत असेल याचा अंदाज येतो.

नवागडच्या मूर्तीची मूळ जागा पूर्णेच्या काठावरील उखळद ही होती. नदीच्या पाण्याचा धोका वाढला तेव्हा भाविकांनी मूर्ती तेथून हलवून सुरक्षित जागी आणली. मूर्तीच्या पायाच्या अंगठ्यात परीस होता आणि लोभाने तो काढू पाहणाऱ्याच्या हाती न लागता तो नदीत गेला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा पुरावा कोणी मागू नये. तिचा आशय मात्र व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. लोखंडाचे सोने करणारी वस्तू हातात येण्यापेक्षा ज्या पायांशी ती होती ते पाय राहिले, याचेच समाधान त्या कथेत आहे. सायकल घेऊन पूर्णेच्या काठाशी उभे राहिले की हे पात्र, त्याची खोल कापलेली दरड आणि पावसाळ्यातील त्याचा आवेश यांचा संबंध जुळतो. मूर्ती का हलवावी लागली, हे तेथे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा दिवस जिंतूरचा. परभणीहून झरी, बोरी या गावांवरून जिंतूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. जिल्हा सपाट आहे, हा समज याच रस्त्यावर मोडतो. उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे जिंतूर तालुक्यात शिरतात. जमीन हळूहळू उंचावते, काळ्या मातीत मुरूम दिसू लागतो, कापसाचे झाड खुजे होते आणि पायांतील शक्तीचा हिशेब करावा लागतो. मोटारीत पायाखालची कळ थोडी अधिक दाबली की चढ संपतो. सायकलस्वाराला प्रत्येक चढ आपल्या नावावर लिहून घ्यावा लागतो, आणि म्हणून तो त्याच्या लक्षात राहतो.

जिंतूरचे जुने नाव जैनपूर असल्याचे परंपरा सांगते. गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या टेकड्या आहेत. नेमगिरीच्या गुहांची दारे लहान आहेत. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत गेल्यावर मात्र भगवान नेमिनाथांची भव्य पद्मासनस्थ मूर्ती समोर येते. इतक्या लहान दारातून इतकी मोठी मूर्ती आत आली कशी, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. शांतिनाथ आणि बाहुबली यांच्या मूर्ती आहेत. एका लहानशा दगडी आधारावर तोल सांभाळून असलेली भगवान पार्श्वनाथांची प्रचंड मूर्तीही आहे. वाशिम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ देशभर प्रसिद्ध आहेत. जिंतूरच्या या मूर्तीचे नाव जिल्ह्याबाहेर तुलनेने कमी जणांनी ऐकले आहे.

पंचेचाळीस किलोमीटर पायांनी कापून आलेला मनुष्य नेमिनाथांसमोर बसतो, तेव्हा त्याला लहानपणी ऐकलेली कथा वेगळ्या रीतीने आठवते. राजकुमार नेमी राजुलशी विवाह करण्यासाठी रथात बसून निघाले. वाटेत कोंडून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी आला. हे प्राणी येथे का कोंडले आहेत, असे त्यांनी सारथ्याला विचारले. वऱ्हाडाच्या भोजनासाठी, असे उत्तर मिळाले. रथ तेथेच वळला आणि गिरनारच्या दिशेने गेला. या कथेतील वैराग्यावर शेकडो प्रवचने झाली आहेत. एका साध्या गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्या रथाचा वेग असा होता की रस्त्याच्या कडेचा आक्रोश आतल्या माणसाला ऐकू आला, त्याला प्रश्न विचारता आला आणि वाहन वळवता आले. करुणेची सुरुवात ऐकू येण्यापासून झाली.

आजच्या यात्रेत काचा बंद असतात, वातानुकूलन चालू असते आणि गाडीत भक्तिगीते वाजत असतात. क्षेत्रावर उतरेपर्यंत बाहेरचा एकही आवाज आत येत नाही. भक्तीत काही उणे असते असे नव्हे. पण दोन क्षेत्रांमधील सारा मुलूख मुका होऊन जातो. सायकलीवर तो मुका राहत नाही.

वाटेवरचे पाणी

या मुलखाचा इतिहास किल्ल्यांत कमी आणि पाण्यात अधिक आहे. यादवकाळात येथे मंदिरे उभी राहिली आणि त्यांच्याजवळ बारवा बांधल्या गेल्या. बारव म्हणजे नुसती विहीर नव्हे. पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरता यावे, दुष्काळात पाणी खोल गेले तरी हंडा तेथवर नेता यावा आणि वाटसरूला सावलीत बसता यावे, अशी ती दगडात बांधलेली सोय. पायऱ्यांच्या मधोमध देवकोष्ठे कोरलेली असतात. पाणी भरायला आलेल्या हातांनी आधी नमस्कार करावा, हा त्यातला संकेत.

पिंगळी येथे पिंगळेश्वराच्या मंदिराजवळ अशी एक बारव आहे. नवागडला जाणारा सायकलस्वार तेथे थांबू शकतो. मोटारीला तो फाटा ओलांडायला फार वेळ लागत नाही. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यात यादवकालीन मंदिरांचे अवशेष, एक उंच कोरीव स्तंभ आणि बारव आहे. तेथे वस्तीच्या मधोमध इतिहास पडलेला आहे. कोणाच्या ओट्याला कोरीव शिळा आहे, तर कोणाच्या दारात भग्न मूर्ती टेकवून ठेवलेली आहे. दक्षिणेला गंगाखेड तालुक्यात गोदावरीकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पे पाहिली की खेड्यातील अनामिक पाथरवटांच्या हाताला सलाम करावासा वाटतो.

सर्वांत बोलकी कथा सेलू तालुक्यातील वालूरची. तेथील बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत तळाशी उतरतात. अशी रचना महाराष्ट्रात क्वचितच आढळते. पण कित्येक वर्षे ती गाळाने, कचऱ्याने आणि झुडपांनी भरून गेली होती. नळाचे पाणी आले, हातपंप आले, विंधन विहिरी आल्या आणि बारवेचा उपयोग संपला. ज्याचा उपयोग संपतो त्याची उकिरड्याची जागा व्हायला वेळ लागत नाही. २०२१ साली वालूरच्या गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे राज्यभर जी जागृती झाली, तिचे मोठे काम परभणी जिल्ह्यात दिसते. महाशिवरात्रीला अनेक बारवांच्या पायऱ्यांवर आता दीप लागतात.

हिशेबी माणसाने वालूरची बारव अवश्य पाहावी. एक भांडवल होते, ते गावाच्या ताळेबंदातून कधीचे निर्लेखित झाले होते. कोणी बाहेरून रक्कम आणली म्हणून ते परत आले नाही. गावाने हात घातले म्हणून आले. वालूरला बारव आहे हे गावाला ठाऊक होतेच. ती आहे आणि ती आपली आहे, या दोन वाक्यांमधले अंतर गावाने ओलांडले. जैन समाजाच्या गावोगावच्या मंदिरांपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

जुनी खाती

सायकलस्वार गावात शिरला की पारावरील कोणी तरी विचारतोच, “कोण्या गावचे, पाहुणे?” मोटारीला हा प्रश्न कोणी विचारत नाही, मोटारीला रस्ता देतात. सायकलवाला घामाघूम असतो, पाणी मागतो, चाकातील हवा पाहतो. म्हणून तो बरोबरीचा वाटतो. उत्तरात आडनाव आले आणि ते व्यापारी घराण्याचे निघाले की म्हाताऱ्या माणसांची स्मृती उघडते. कोणाचे दुकान वेशीजवळ होते, कोणाच्या ओट्यावर कापूस तोलला जाई, कोणत्या शेटजींनी कोणाच्या लेकीच्या लग्नाचे कापड उधारीवर दिले, हे त्यांना तोंडपाठ असते. दुकान बंद होऊन चाळीस वर्षे झालेली असतात. खाते मात्र माणसांच्या आठवणीत चालूच असते.

ही खाती सर्व गोड नसतात, हेही सांगितले पाहिजे. १९७२च्या दुष्काळाची गोष्ट निघाली म्हणजे कोणी सांगतो की अमुक दुकानदाराने धान्याच्या कोठ्या उघड्या केल्या. कोणी सांगतो की त्याच साली त्याच्या वडिलांचे रान गहाण पडले ते पुन्हा सुटले नाही. ऐकणाऱ्याला पहिली गोष्ट आवडते आणि दुसरी टोचते. पण दोन्ही एकाच वहीतील नोंदी आहेत. जमेची बाजू वाचून वही मिटणे हा व्यापाराचा धर्म नव्हे. मोटारीतून उतरून, मंदिरात दर्शन घेऊन, भोजन करून परतणाऱ्याला यांपैकी एकही नोंद वाचायला मिळत नाही.

त्याच दुष्काळाने मराठवाड्यातील अनेक रस्ते दिले. हाताला काम नव्हते म्हणून शासनाने खडी फोडण्याची, रस्त्यांची आणि तलावांची कामे काढली. हजारो स्त्रीपुरुषांनी उन्हात बसून दगड फोडले आणि सुकडीवर दिवस काढले. आज ज्या जिल्हा मार्गांवरून सायकल घरंगळत जाते, त्यांपैकी कित्येकांच्या पोटात ती खडी आहे. चाकाखालच्या रस्त्यालाही असा इतिहास असतो. तो ज्यांनी घडवला त्यांच्यापैकी काही जण अजून पारावर बसलेले असतात.

माणसे पाहायची तर दक्षिणेची वाटही सोडू नये. परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णीचे नृसिंह मंदिर लागते, पुढे गोदाकाठी संत जनाबाईंचे गंगाखेड येते आणि पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रातले जांभूळबेट लागते. तेथे जांभळीच्या गर्दीत मोरांचा आवाज येतो. फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो आणि त्यात सर्व जातिधर्मांचे लोक येतात. उरुसाच्या बाजारात दुकान लावलेल्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. त्याने ते गल्ल्यामागून अनेक वर्षे पाहिलेले असते. ओळखीच्या गोष्टी नव्या जागेवरून पाहणे, एवढेच सायकल करते.

शेतकऱ्याशी बोलणेही रस्त्यावरच होते. वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर सायकल टेकवली की कापसाचा भाव, मजुरीचा दर, बोंडअळी आणि पावसाचा खंड यांवर बोलणे निघते. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. त्याने दिलेला ‘परभणी क्रांती’ भेंडीचा वाण देशभर गेला, ‘परभणी मोती’ ज्वारीने रब्बीत नाव कमावले. तरीही कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष आजही आभाळाच्या मर्जीवर असते. ज्याच्या मालावर अडतीचा आणि किराण्याचा धंदा उभा आहे, त्याची अडचण बाजार समितीच्या लिलावात आकड्याच्या रूपाने भेटते. बांधावर ती आवाजाच्या रूपाने भेटते.

चाकावरचे नियम

जैन आचारात प्रवासाचे जे नियम आहेत, ते सायकलीला आश्चर्य वाटावे इतके जुळतात. साधू-साध्वी आजही पायी विहार करतात. चालताना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. सायकलस्वार साधू नव्हे आणि त्याने तसा आव आणू नये. पण त्यालाही चाकापुढची जमीन पाहावी लागते, आणि पाहताना जीव दिसतात. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर मृगाचे तांबडे मखमली किडे निघतात, वाणी निघतात, गोगलगायी सरकत असतात. मोटारीचे चाक त्यांच्यावरून किती वेळा जाते याची मोजदाद कोणी करत नाही. सायकलीचे हँडल किंचित वळवता येते. जेथे ते वळवूनही टाळता येणार नाही इतके जीव असतील, तेथे उतरून चालता येते, वा त्या दिवशी घरी राहता येते.

चातुर्मासात साधू एके ठिकाणी थांबतात. परभणीची काळी माती सायकलस्वारालाही तेच शिकवते. पावसात पांदणीवर सायकल घातली की दहा पावलांत चिखल चाकाला असा धरतो की मडगार्ड भरून जाते, चाक फिरेनासे होते आणि काडीने माती उकरत बसावे लागते. म्हणून या जिल्ह्यात सायकलीचा खरा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, तेव्हा पहाटे कानटोपी लागते. उन्हाळ्यात तो चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा सायकल घरीच ठेवावी.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियमही येथे कामी येतो. ज्याला दिवसाउजेडी जेवायचे आहे त्याला दिवसाउजेडीच मुक्काम गाठावा लागतो, आणि अंधारात रस्त्यावर नसणे हे सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचे पहिले सूत्र आहे. विशेषतः गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. शिदोरीला ज्वारीचे धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुरतो. गाळलेले पाणी सोबत असावे. बाभळीच्या काट्याला उपाय नाही, म्हणून एक जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप बरोबर ठेवावा. कल्याणहून निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शक्य तेथे टाळून गावाआडचे रस्ते धरावेत. साठी ओलांडलेल्यांनी वैद्याचा सल्ला घेऊन, अंतर रोज थोडे वाढवत मगच लांब पल्ला गाठावा. महागडी सायकल लागतेच असे नाही. तेल दिलेली साखळी आणि नीट लागणारे ब्रेक असलेली कोणतीही सायकल हा जिल्हा दाखवू शकते.

उरलेला प्रश्न

उखळदची मूर्ती हलवावी लागली, कारण नदीचे पाणी वाढले. आज जिल्ह्यातील आणि मराठवाड्यातील अनेक लहान गावांत उलट स्थिती आहे. तेथे माणसांची ओहोटी लागली आहे. मुले शिकली, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला, त्याही पलीकडे गेली, दुकाने मिटली, जेथे पूर्वी पंधरा-वीस जैन घरे होती तेथे एखादे उरले आहे आणि काही ठिकाणी तेही नाही. मंदिर आहे, मूर्ती आहे, पण नित्य पूजा कोण करणार? काही गावांत दिवा लावण्याचे, अंगण झाडण्याचे आणि कुलपाची किल्ली सांभाळण्याचे काम शेजारची जैनेतर कुटुंबे निष्ठेने करत आहेत. मूर्ती शहरातील मंदिरात हलवावी, असा विचार बैठकांत निघतो. तो पूर्णपणे चूक म्हणता येत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. परंतु तो निर्णय बहुधा शहरातील सभागृहात होतो, आणि मत देणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या गावाची वाट कित्येक वर्षांत पाहिलेली नसते.

गाव सुटले तरी नाव सुटलेले नाही. जिंतूरकर, चारठाणकर अशी ‘कर’ लावलेली आडनावे मराठी जैन घराण्यांत आजही आहेत. आडनाव हा वारसाहक्काने मिळालेला पत्ता आहे. त्या पत्त्यावर वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष जावे, आणि जमल्यास शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर तरी सायकलीने जावे. दिवाळीच्या सुटीत महानगरांतून आलेल्या नातवंडांना आजोबांनी सोबत घ्यावे. ज्यांना सायकल झेपत नाही त्यांनी मागून गाडी आणावी, शिदोरी आणावी. मंदिराचे अंगण झाडावे, किल्ली सांभाळणाऱ्या घरी बसून चहापाणी घ्यावे, पारावर जुनी खाती ऐकावीत. त्यांतली कडू नोंदही ऐकावी. गावात बारव असेल आणि ती बुजलेली असेल, तर वालूरकरांना विचारावे. मूर्ती ठेवायची की हलवायची, याचा निर्णय त्यानंतर घ्यावा. तो कोणताही असो, गावाला विचारून घेतलेला असेल.

नेमिनाथांनी रथ वळवला, कारण त्यांना ऐकू आले. ऐकल्यावर त्यांनी काय केले ते सामान्य संसारी माणसाच्या आवाक्यातले नाही. रस्त्याने जाताना ऐकू येईल इतक्याच वेगाने जाणे मात्र कोणाच्याही आवाक्यातले आहे. परभणी जिल्ह्यात तो वेग ताशी बारा ते पंधरा किलोमीटर पडतो.